सहभागी क्रमांक सात

ताईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिच्याबद्दल सगळे म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण त्या दिवशी संस्थेच्या सभागृहात तो नाकावरून उतरून थेट हातात आला. समोरच्या खुर्चीची पाठ तिने इतकी घट्ट आवळली की पुढे बसलेल्या गृहस्थांनी वळून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांकडे नजर जाताच मुकाट्याने पुन्हा तोंड फिरवलं.

खरं तर तिला यायचंच नव्हतं. दुपारच्या शिकवण्या होत्या. ताई गाडी चालवायला शिकवते. शहरातल्या निम्म्या घाबरट लोकांनी तिच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला आणि तिची बोलणी खात खातच ती माणसं रस्त्याला लागली. पण धाकट्याचा फोन आला होता. "माझं भाषण आहे, ताई. घरच्यांनाही बोलावलंय. ये ना तू." धाकटा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. माणसं यंत्रांशी कशी वागतात आणि यंत्रं मध्ये आली की एकमेकांशी कशी वागायला लागतात, याचा तो अभ्यास करतो. ताईला हे काम कधी नीट कळलं नाही. कोणी विचारलं की ती सांगायची, "लोक बटणं दाबतात आणि हा बघत बसतो. त्याचा पगार मिळतो त्याला." पण हे सांगताना आवाजात कौतुक डोकावायचं, ते लपवणं काही तिला जमत नसे.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर चित्रफीत सुरू झाली. एका घराची भिंत. भिंतीवर वहीएवढा चकचकीत पडदा. त्याच्यासमोर गाऊन घातलेल्या एक वयस्क बाई, चेहरा पुसट केलेला. त्यांनी हात वर केला आणि बाहीची शिवण दिसली. पांढऱ्या गाऊनला निळ्या दोऱ्याने घातलेली, वेडीवाकडी.

तो दोरा ताईने स्वतः घातला होता. पांढरा सापडला नव्हता म्हणून निळा.

"सहभागी क्रमांक सात," धाकटा माइकवर म्हणाला. "यांना बरं वाटत नाहीये असं समजून मदत मागवायची होती. बघा काय होतं ते."

काय व्हायचं होतं? आईने एक बटण दाबलं, हवामान उघडलं. दुसरं दाबलं, कुठल्या तरी डोंगराचे फोटो आले. आईने पडद्याला दोन बोटांनी हळूच टिचकी मारली, जसं दारावर वाजवावं. "आता मी काय करू?" तिने पडद्याला विचारलं. पडदा गप्प. "माफ कर हं बाबा," ती त्याला म्हणाली, "माझ्यामुळे तुला उगीच त्रास."

सभागृह हसलं. ते हसणं वाईट नव्हतं. लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसतात तसलं होतं, आणि म्हणूनच ताईला ते जास्त झोंबलं. आपली आई, जिने दोन पोरांना वाढवताना भल्याभल्यांना पाणी पाजलं, ती इथे चेहरा पुसून उभी आहे आणि परकी माणसं तिला लाडाने हसताहेत. सगळ्यात कहर म्हणजे माइकपाशी उभा असलेला तिचा मुलगाही हसत होता.

त्या पडद्याचं नाव होतं 'सोबत'. औषधाची आठवण करून देणार, तब्येत विचारणार, बटण दाबलं की घरच्यांना आणि डॉक्टरांना निरोप धाडणार. धाकट्याने तो आईकडे आणला तेव्हा ताईला भरून आलं होतं. भावाने एकदाचं आईसाठी काहीतरी केलं म्हणून तिने स्वतः स्टुलावर चढून भिंतीला भोकं पाडून दिली होती. त्या पडद्याला डोळा आहे आणि तो डोळा सगळं बघून ठेवतो, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. बाहेरच्या बोळात धाकट्याभोवती लोक जमले होते. ताई त्यांच्यामधून अशी घुसली जशी गर्दीच्या चौकात ट्रक घुसावा.

"ती आई होती."

"कोण?"

"कोण काय, कोण! तुझी सात नंबर!"

धाकट्याने तिला कोपराला धरून पाण्याच्या यंत्रापाशी नेलं. "हळू बोल ना. चेहरा दिसत होता का?"

"मला दिसत होता."

"तुला नेमकं काय खटकलं?"

"हे तू मला विचारतोयस?"

"म्हणजे तुझी अपेक्षा काय होती?"

ही धाकट्याची जुनी खोड. खोड कसली, धंद्याचाच रिवाज. एखाद्या माणसाला यंत्रापुढे बसवलं आणि त्याने विचारलं, 'हे दाबू का हो?', तर ह्यांनी हो किंवा नाही म्हणायचं नसतं. 'तुम्हाला काय वाटतं, दाबलं तर काय होईल?' असा उलटा प्रश्न टाकायचा, हात बांधून बसायचं आणि लिहून घ्यायचं. दिवसभर हेच करून करून ते त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. त्याची बायको एकदा म्हणाली होती, "यांना विचारलं चहा ठेवू का, तर विचारतात, तुझी काय अपेक्षा आहे." तेव्हा ताई पोट धरून हसली होती. आता तिला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

"ती त्या भिंतीपुढे उभी राहून तुझ्या डबड्याची माफी मागत होती आणि तू बघत होतास? फोन करून सांगता नाही आलं, आई, खालचं बटण दाब म्हणून?"

"मदत केली तर निष्कर्ष बिघडतात, ताई."

"आणि खरंच चक्कर आली असती तर?"

"तेच तर शोधतोय आपण." तो समजावणीच्या सुरात आला, आणि त्या सुराने ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माणूस कुठे अडखळतो ते कळल्याशिवाय यंत्र सुधारणार कसं? आईने होकार दिलाय. सही आहे तिची. आणि तिच्या चुकांमुळेच सगळं बदललंय, माहितीये? आता नवा पडदा आलाय. येत्या गुरुवारी शेवटचं सत्र. ते जमलं की झालं, तिचा अभ्यास संपला. मग कोणाला सारखं तिच्याकडे धावावं लागणार नाही."

"माझ्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो," ताई म्हणाली. "समोर भिंत आली की मी तो दाबते. शिकणारा भिंतीवर कसा आदळतो ते लिहून घेत बसत नाही."

"ते वेगळं क्षेत्र आहे."

"गुरुवारी ये तू. ते भिंतीवर नसेल."

आणि ती तरातरा निघाली. दुपारी ज्या बिचाऱ्या बँकेतल्या कारकुनाची शिकवणी होती, त्याला त्या दिवशी क्लचवरून इतकं ऐकावं लागलं की त्याने दुसऱ्या दिवशी सुट्टी कळवली.

सकाळी ताई पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकूनच आईकडे गेली. रोजचा डबा होताच. वडील गेल्यापासून ती सकाळी डबा घेऊन येते, आईच्या गोळ्या काढून ठेवते, अंघोळीचं गरम पाणी बादलीत काढून देते, आणि संध्याकाळी शिकवण्या संपल्या की पुन्हा एक फेरी मारते. त्यात तिला उपकार वाटत नव्हते. चिडचिड मात्र व्हायची आणि ती बोलूनही दाखवायची.

तिच्याकडे किल्ली होती. दार उघडून ती आत आली तर आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात फोन. फोनवर पत्त्यांचा डाव. बोटं अशी भराभर चालली होती की बघणाऱ्याला भोवळ यावी. डाव जिंकून आईने समोरच्या अनोळखी खेळाडूला हसरं चित्र धाडलं, मधेच आलेली जाहिरात अंगठ्याने उडवली, विजेचं बिल भरा असा कोणाचा तरी बनावट निरोप आला होता तो वाचला, "चोर मेला," म्हणून कायमचा बंद केला, आणि मग मान वर करून विचारलं, "आज लवकर कशी गं?"

ताई दारातच उभी राहिली. काल सभागृहात पाहिलेला तो चाचपडता हात आणि हा हात, दोन्ही एकाच बाईचे. तिला काही सुधरेना. मग तिने तो विचार झटकला आणि स्टूल ओढलं.

"हे काढायला आलेय." तिने पहिला स्क्रू पिळायला घेतला.

"काढू नकोस!"

आईचा आवाज इतका मोठा निघाला की ताईच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर निसटला. आई खुर्चीतून उठून आलीसुद्धा होती आणि तिने स्टुलाचा पाय धरला होता.

"आई, ते तुझे फोटो घेतं. चालते-फिरते. काल तुझा तो लाडका लेक परक्या लोकांना दाखवत होता, आणि लोक हसत होते. तुला बटण सापडत नाही म्हणून हसत होते!"

"माहितीये मला," आई म्हणाली.

"काय माहितीये?"

"फोटो घेतात ते. त्याने सांगून सही घेतली होती." मग आई जरा थांबली. हात गाऊनला पुसले. "आणि बटण मला सापडतं गं. पहिल्या दिवसापासून सापडतं. न सापडायला काय झालंय, एवढं ढळढळीत आहे."

ताई स्टुलावरून उतरली.

"खाली बस आधी," आई म्हणाली. "आणि ओरडू नकोस. सारखं चुकलं की त्याला तिकडे निरोप जातो. मग त्याला स्वतः यावंच लागतं. त्यांच्यात नियम आहे तसा. येतो, इथे माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतो, आणि विचारतो."

"काय विचारतो?"

"सगळं. 'तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?' म्हणतो. मला अहो-जाहो करतो, ते टेप होतं ना म्हणून. ऐकायला इतकं गोड वाटतं! मी काहीतरी सांगते, मनात येईल ते. तुमच्या बाबांचं सांगते, शेजारणीचं सांगते. तो मधे बोलत नाही. घड्याळ बघत नाही. मान हलवतो आणि लिहून घेतो. माझं बोलणं लिहून घेतो गं!" आईचे डोळे लकाकत होते. "मला आजवर कोणी विचारलं होतं का, तुझ्या मनात काय चाललंय म्हणून?"

ताईने खाली पडलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"आधी तो कधी यायचा सांग. पाय दुखतो म्हणून फोन केला तर गोळीचं नाव सांगायचा आणि ठेवायचा. आता दर गुरुवारी येतो. कधी मधल्या वारीही येतो, मी जरा जास्त गोंधळ घातला तर." आई हसली, अगदी खट्याळ पोरीसारखी. "हवामानाचं बटण दाबलं की पंधरा मिनिटं बसतो. फोटोंचं दाबलं की त्याहून जास्त."

"आणि मी?" ताईने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं. "मी रोज येते ना?"

"तू येतेस की," आई म्हणाली. "तू तर येतेसच."

आईने हे इतक्या सहज म्हटलं, की त्यात ताईला दुखवायचा हेतू शोधूनही सापडला नसता. नळाला पाणी येतं, दिवा लावला की लागतो, तशी ताई येते. रागाने तिचे कान तापले, आणि गंमत अशी की तो राग नक्की कोणावर काढावा हे पहिल्यांदाच तिला कळेना. आईवर काढावा तर ती समोर हसत उभी. धाकट्यावर होताच, पण तो आता पुरेना.

"त्याला सांगणार नाहीस ना?" आईने तिचा हात धरला. "तो म्हणतो नवं यंत्र आणलंय, ते जमलं की अभ्यास संपला. संपला की कशाला येतोय तो? मला चुकायलाच हवं गं. तू गप्प बस. शपथ आहे माझी."

ताईने स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला, डबा उघडून आईपुढे ठेवला आणि गोळ्या काढल्या. गप्प राहीन असं तोंडाने काही कबूल केलं नाही, पण गुरुवारपर्यंत ती गप्प राहिली. तिला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही.

गुरुवारी धाकटा ठरल्या वेळेला आला. काखेत तीन पायांचा स्टँड, त्यावर लावायचा कॅमेरा आणि खोक्यात नवा पडदा. ताई मुद्दाम थांबली होती. तिला पाहून तो जरासा दचकला, मग भिंतीवरचा पडदा जागच्या जागी आहे हे बघून सुखावला. त्याला वाटलं असणार, बहीण शहाणी झाली.

त्याने जुना पडदा काढला, नवा बसवला, स्टँड उभा केला, आणि कॅमेऱ्याच्या मागे जाऊन घसा साफ केला. त्याबरोबर त्याची आई त्याच्यासाठी कोणी परकी झाली.

"नमस्कार. सहभागी क्रमांक सात, तुम्ही तयार आहात का?"

"तयार आहे," आई ताठ बसत म्हणाली.

"समजा, तुम्हाला आत्ता चक्कर येतेय. मदत मागवा."

आई उठून भिंतीपाशी गेली आणि थबकली. नव्या पडद्यावर बाकी काही नव्हतंच. हवामान नाही, फोटो नाहीत. आख्खा पडदा म्हणजे एकच लाल बटण, ताटाएवढं. आंधळ्याने हात लावला तरी दाबलं जावं असं. चुकायला जागाच ठेवली नव्हती त्याने.

आईने हात उचलला आणि पडद्याच्या बाजूला भिंत चाचपली. मग कडा चाचपली. मग चष्मा काढून गाऊनला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "कुठे आहे बरं?" ती पुटपुटली. तिच्या मानेवर घाम आला होता. त्या लाल ताटाला बोटही लागू नये म्हणून ती हात असा फिरवत होती, की ज्याला खरंच दिसत नाही तोही इतका आंधळा वाटला नसता.

ताई भिंतीला टेकून उभी होती. दाताखाली तिने ओठ धरला होता.

"तुम्हाला काय दिसतंय ते मोठ्याने सांगा," धाकटा म्हणाला.

"काहीतरी... लाल लाल दिसतंय बाई."

"ते काय असावं असं तुम्हाला वाटतं?"

"काय असेल?" आई म्हणाली. "मला नाही बाई कळत आता काही."

धाकटा लिहीत होता. मग तो कॅमेऱ्याकडे वळून हलक्या पण स्वच्छ आवाजात बोलला, डॉक्टर पेशंटच्या समोरच नर्सला सांगतात तसा. "सहभागीची आकलनशक्ती गेल्या काही आठवड्यांत झपाट्याने ओसरलेली दिसते. एकटं राहू देणं कितपत सुरक्षित आहे, याचा विचार करायला हवा. वृद्धांच्या निवासाची शिफारस..."

"कोणाची आकलनशक्ती?" ताई म्हणाली.

"ताई, रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू दे! चालू राहू दे तुझं रेकॉर्डिंग!" शपथ-बिपथ सगळी गेली उडत. "तिची आकलनशक्ती ओसरली? अरे, ती फोनवर पत्त्यांत जगाला लुटते! बिलाच्या नावाने फसवणाऱ्या चोरांना तुझ्याआधी ओळखते! बटण तिला पहिल्या दिवसापासून सापडलंय, गाढवा. ती मुद्दाम चुकतेय. मुद्दाम! कारण ती चुकली की तू येतोस. चुकली नाही की येत नाहीस. एवढं साधं गणित तिला जमलं, आणि तू भाषणं देत हिंडतोयस!"

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खाली मान घातली. चोरी उघडी पडल्यावर पोरं उभी राहतात तशी ती उभी होती, आणि ते पाहून ताईला स्वतःचीही चीड आली.

धाकट्याच्या हातातलं पेन थांबलं होतं. त्याची हनुवटी थरथरली. लहानपणी रडू आवरताना थरथरायची, अगदी तशीच, आणि ताईला क्षणभर वाटलं, आता हा कॅमेरा बंद करील. आता येऊन आईला जवळ घेईल. एवढं झालं तर सगळं पावलं. मी ओरडले ते, त्या दिवशीचं ते सभागृह, ते हसणं, सगळं सोडून देईन. तिने अगदी मनापासून वाट पाहिली.

"मुद्दाम," धाकटा हळूच म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "मुद्दाम!" आणि या वेळी त्याचा आवाज वर गेला. "म्हणजे प्रत्येक चूक ही हाक होती. बापरे. ताई, तुला कळतंय का हे काय आहे? आख्ख्या अभ्यासात हे कोणी पकडलेलं नाही. आम्ही सगळे चुका मोजत बसलोय. यंत्र सोपं करून आम्ही माणसाचा..." त्याला पुढचा शब्द सापडेना. त्याचे गाल लाल झाले होते. खरंच आनंद झाला होता त्याला, आणि त्याच्यात वाईटपणाचा लवलेशही नव्हता.

तो आईपाशी गेला आणि तिला खुर्चीत बसवलं. "आई, हे तू सगळं पुन्हा सांगशील? पहिल्यापासून? म्हणजे, सांगाल का?"

आईने मान वर केली. "तू रागावला नाहीस?"

"रागावू कशाला? हा नवा अभ्यास होईल. मोठा."

"म्हणजे तुला परत यावं लागेल?"

"परत? निदान वर्षभर तरी. आठवड्यातून दोनदा यावं लागेल."

आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघवेना, इतकं ते सुख होतं. तिने हाताने केस सारखे केले. "कुठून सांगू? हवामानापासून?"

"थांब, एकच गोष्ट." धाकटा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि भराभर बोलू लागला. "हा अभ्यास अगदी एकाकी माणसांचाच करता येतो. रोज येणारं-जाणारं, बघणारं कोणी असेल तर संस्था मान्यता देत नाही. त्यामुळे मी सुरुवातीला तसा प्रश्न विचारीन. उत्तर तुझं तू द्यायचं. मला काही सुचवता येत नाही."

एवढं बोलून त्याने ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग तो कॅमेऱ्यापाशी गेला, आतून पाहिलं, परत आला, आणि टेबलावरचा डबा उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर ठेवला. "तो मधे येतोय," तो म्हणाला. "ताई, तूही जरा बाजूला हो ना. दिसतेयस."

ताई बाजूला झाली. आजही तिला कळत नाही, ती का झाली. कदाचित आई काय म्हणते ते तिला ऐकायचंच होतं.

"सहभागी क्रमांक सात," धाकटा म्हणाला. "तुमच्याकडे रोज येणारं, तुमची काळजी घेणारं कोणी आहे का?"

आईने कॅमेऱ्याच्या कडेने ताईकडे पाहिलं. तिला सगळं समजलेलं होतं. तिची आकलनशक्ती अगदी शाबूत होती. डोळ्यांनी तिने काहीतरी मागितलं, गयावया करून मागितलं, आणि ताई 'देते' म्हणायच्या आत स्वतःच घेऊनही टाकलं.

"नाही," आई म्हणाली. "कोणी नाही येत."

ताईने जमिनीवरचा डबा उचलला. चपला पायात घातल्या. आणि बाहेर पडताना दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. रेकॉर्डिंगमध्ये हे तरी येऊ दे, म्हणाली ती मनात. एवढं तरी माझं राहू दे त्यात.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली, कारण आतून धाकट्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"माफ करा, मधे आवाज आला. तेवढं पुन्हा घेऊ या. तुमच्याकडे रोज येणारं कोणी आहे का?"

आणि आईचा आवाज, आधीपेक्षा मोठा, चांगला ठणठणीत:

"नाही हो. कोणीच नाही."